उमेदवारीचा नवा पाठ

1964 साली हैदराबादेतील एका शिक्षणसंस्थेत काही प्रौढ गृहस्थ जमिनीवर उभ्या केलेल्या खुंटीवर कडी फेकण्यात गुंतलेले होते. त्यांत कोणी दुकानदार होता, कोणी लहानशा कारखान्याचा मालक होता, कोणी घरच्या पेढीवर बसणारा होता. संसारी, जबाबदार, गावात मान असलेली ही माणसे. खुंटीपासून किती अंतरावर उभे राहावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे होते. खुंटीच्या अगदी जवळ उभा राहणारा प्रत्येक कडी अचूक टाकी, परंतु त्यात कोणाला कौतुक वाटत नसे. फार दूर जाऊन उभा राहणाऱ्याची कडी चुकून खुंटीवर बसली तर टाळ्या पडत. मात्र ते यश त्याच्या हाताचे नव्हे, दैवाचे असे. खेळ संपला म्हणजे प्रत्येकाने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे होते. आपण तेथेच का उभे राहिलो?

खेळ पोरकट दिसतो. परंतु धंदेशिक्षणाच्या इतिहासात ह्या खेळाला स्थान आहे, आणि ते हैदराबादने मिळवून दिलेले आहे.

आपल्याकडे धंदा शिकण्याला जुना शब्द आहे तो उमेदवारी. फारसीतून आलेला हा शब्द आज निवडणुकीच्या धामधुमीत इतका वापरला जातो की, त्याचा कारखान्यातील अर्थ मागे पडला. ‘उमेद’ म्हणजे आशा. आज हातात काही नाही, पण उद्या येईल ह्या आशेवर उस्तादाजवळ राहणारा तो उमेदवार. बिदरच्या कारागिराकडे राहिलेला मुलगा काय, की सुताराच्या अंगणात वाढलेला त्याचा पोर काय, त्याच्या शिक्षणाला धडा पहिला, धडा दुसरा असा क्रम नव्हता. मोडलेला नांगर दारात येई. तो नीट करावयाचा असे. आणि नीट करता करता लाकडाची जात, पटाशीची धार, खाचेचे माप ह्या गोष्टी ज्या क्रमाने अडत त्या क्रमाने कळत. अडचण आधी आणि ज्ञान मागून, हा त्या शिक्षणाचा क्रम होता.

त्यात उणिवा पुष्कळ होत्या. उस्ताद कसब दाखवी, पण त्याचे कारण क्वचितच सांगे. किंबहुना पुष्कळदा ते त्यालाही ठाऊक नसे. शिवाय बहुतेक धंदे जातीच्या कुंपणात कोंडलेले होते. कारखाने आले आणि त्यांच्यामागून धंदेशिक्षणाच्या शाळा आल्या, तेव्हा ही कुंपणे काही अंशी मोडली ही मोठीच गोष्ट झाली. परंतु शाळेबरोबर शाळेचा क्रमही आला. आधी व्याख्या, मग आकृती, मग सराव, आणि अखेरीस परीक्षा. मोडलेला नांगर शाळेच्या दारात येईनासा झाला. कानशीने लोखंडाचा ठोकळा काटकोनात घासणारा विद्यार्थी तो ठोकळा कशासाठी घासतो आहे हे जाणल्यावाचूनच उत्तीर्ण होऊ लागला.

ही उणीव कोणाच्या ध्यानात आली नाही असे नाही. 1937 च्या ऑक्टोबर महिन्यात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या मध्यभागी बसविण्याची कल्पना मांडली, आणि तिचा आराखडा करण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन हे होते. त्यांचा जन्म 1897 साली हैदराबादेतच झाला होता. वर्ध्याची योजना मुलांच्या सर्वसाधारण शिक्षणासाठी होती, धंदेशिक्षणासाठी नव्हे. आणि पुढे पुष्कळ शाळांतून तिचे रूप टकळीवर काढलेल्या सुताचे वजन करण्यापुरते उरले. तथापि काम हेच पाठाचे निमित्त व्हावे हा विचार त्या वेळी देशापुढे आला, तो पुन्हा पूर्णपणे नाहीसा झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर 1950 साली कारागिरांच्या प्रशिक्षणाची अखिल भारतीय योजना सुरू झाली, औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या, आणि 1961 साली उमेदवारांसंबंधीचा कायदाही संमत झाला. फिटर, टर्नर, तारयंत्री हजारोंनी तयार होऊ लागले. परंतु ज्यांनी ह्या कारागिरांना कामावर घ्यावयाचे, त्या कारखानदारांना व अधिकाऱ्यांना कोणी शिकवावयाचे? ह्या प्रश्नाची दोन उत्तरे हैदराबादेत, थोड्याच वर्षांच्या अंतराने, मिळालेली दिसतात.

पहिले उत्तर बेला व्हिस्टा ह्या राजवाड्यात मिळाले. निजामाच्या ज्येष्ठ पुत्रास ‘वऱ्हाडचे युवराज’ अशी पदवी होती. त्यांचे हे निवासस्थान. येथे 1956 साली स्थापन झालेले प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालय आले. त्याचे पहिले प्राचार्य जनरल सत्यवंत मल्लण्णा श्रीनागेश हे 1957 साली लष्करप्रमुखाच्या पदावरून निवृत्त होऊन तेथे आले. त्यांचा जन्म कोल्हापूरचा. हे महाविद्यालय इंग्लंडमधील हेन्ली येथील संस्थेच्या नमुन्यावर काढलेले होते, आणि तेथील पद्धत अशी की, व्याख्यानाला दुय्यम स्थान. सरकारी खात्यांतून व खाजगी कंपन्यांतून आलेल्या अनुभवी अधिकाऱ्यांचे दहा-अकरा जणांचे गट करावयाचे. प्रत्येक गटापुढे एखादा प्रश्न ठेवावयाचा. एकाने अध्यक्ष व्हावयाचे, दुसऱ्याने चिटणीस. पुढच्या प्रश्नाला ही पदे दुसऱ्यांकडे जावयाची. गटाने आपला अहवाल लिहून सर्वांपुढे मांडावयाचा आणि त्यावर होणारी टीका ऐकून घ्यावयाची. हुकूम देण्यात आयुष्य गेलेल्या एका सेनापतीने, जेथे कोणीच हुकूम देत नाही अशा वर्गाचे प्रमुखपण पत्करावे, ह्यात एक प्रकारची गंमत आहे. परंतु लष्करी शिक्षणात नकाशावर परिस्थिती मांडून तिचा उलगडा करावयास लावण्याची वहिवाट जुनीच आहे. श्रीनागेश 1959 साली आसामचे राज्यपाल होऊन गेले, आणि 1962 मध्ये आंध्र प्रदेशाचे राज्यपाल म्हणून पुन्हा हैदराबादेस आले.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. लहान उद्योगांच्या विकासासाठी काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना तयार करावे ह्या हेतूने 1960 साली दिल्लीस एक केंद्रीय संस्था निघाली. 1962 साली ती हैदराबादेस हलविण्यात आली आणि लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्था ह्या नावाने नोंदली गेली. ‘सीएट’ हे तिचे त्या काळचे संक्षिप्त नाव. खुंटी आणि कडी ह्यांचा खेळ मांडला गेला तो ह्या संस्थेत. आणि तो मांडणारे होते हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड व त्यांचे सहकारी.

मॅक्लेलँड ह्यांनी 1961 साली आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की, राष्ट्रांच्या भरभराटीमागे भांडवल व खनिजे ह्यांच्या इतकेच एक मानसिक कारण असते. हातात घेतलेले काम पूर्वीपेक्षा अधिक चांगले करून दाखविण्याची आंतरिक ओढ, ते हे कारण. ह्या ओढीला मराठीत सिद्धिप्रेरणा म्हणता येईल. येथवर हा एक विद्वत्तापूर्ण तर्क होता. परंतु त्यातून लागलीच दुसरा प्रश्न उभा राहिला. ही ओढ लहानपणीच्या संस्कारांनी ठरत असेल तर चाळिशीच्या माणसाला ती शिकविता येईल काय? त्या काळच्या पुष्कळ मानसशास्त्रज्ञांचे उत्तर नकारार्थी होते. हे उत्तर बरोबर असेल तर प्रौढांच्या धंदेशिक्षणात कसब देता येईल, उमेद देता येणार नाही, असेच म्हणावे लागले असते.

प्रयोगासाठी निवडलेले मुख्य गाव काकिनाडा. आंध्रच्या किनाऱ्यावरचे हे बंदर. लाखाच्या वर वस्ती, सधन प्रदेश, जुना व्यापार, आणि तरीही उद्योगधंद्यांची वाढ बेताची. मद्रास राज्यातील वेल्लोर येथूनही काही मंडळी घेण्यात आली. मिळून सुमारे पाऊणशे माणसे तुकड्यातुकड्यांनी हैदराबादेस आली आणि सुमारे दहा दिवस संस्थेत राहिली. तुलनेसाठी गोदाकाठच्या राजमहेंद्री गावाकडे लक्ष ठेवण्यात आले. तेथे कोणालाच प्रशिक्षण दिले नव्हते.

त्या दहा दिवसांत हिशेब कसा ठेवावा, कर्ज कसे काढावे, माल कसा खपवावा ह्यांचे पाठ नव्हते. पहिले काम गोष्ट लिहिण्याचे. समोर एक संदिग्ध चित्र ठेवावयाचे. माणूस मेजाशी बसला आहे, एवढेच काय ते त्यात दिसते. त्यावरून पाच मिनिटांत कथा रचावयाची. तो माणूस कामाच्या विवंचनेत आहे, की घरच्या आठवणीत रमला आहे, की नुसताच पेंगतो आहे, हे लिहिणारा आपल्या मनातून घेई. मानसशास्त्रज्ञ अशा कथांवरून माणसाची ओढ मोजीत असत. येथे नवल असे की, मोजण्याची ती रीत गुप्त न ठेवता शिकणाऱ्यांच्याच हाती दिली गेली. कथेतील माणसाला काही साधावयाचे आहे काय? वाटेतली अडचण त्याला दिसते काय? ती बाहेरची आहे की त्याच्याच स्वभावातली? त्यासाठी तो काही करतो काय, कोणाची मदत मागतो काय? हे प्रश्न घेऊन प्रत्येकाने आपलीच कथा तपासावयाची. वैद्याने नाडीपरीक्षा रोग्यालाच शिकवावी तसा हा प्रकार होता. स्वतःच्या कथेतील नायक पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत हातावर हात ठेवून बसला आहे हे ज्याला स्वतःच्या हाताने गुण देताना दिसले असेल, त्याला वेगळे व्याख्यान कशाला हवे?

मग कडीचा खेळ आला. ज्याची सिद्धिप्रेरणा प्रबळ तो सामान्यतः मध्यम अंतर पसंत करतो, असा मॅक्लेलँड ह्यांचा निष्कर्ष होता. जेथून यश हमखास नाही, पण अशक्यही नाही. जेथून चुकलेल्या प्रत्येक फेकीवरून पुढची फेक सुधारता येते, ते अंतर त्याला आवडते. व्यापारी हा धाडसी जुगारी असतो अशी लोकांची समजूत असते. खेळात दिसे ते निराळेच. आपण दुकानात नेमके कोठे उभे आहोत हे खुंटीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला, कोणी न सांगता, उमगू लागे.

येथे एक शंका भारतीय मनाला सहज येण्यासारखी होती. फळाकडे दृष्टी न ठेवता कर्म करावे हे ज्यांनी लहानपणापासून ऐकले, त्यांना प्रत्येक फेकीचा परिणाम मोजावयास शिकविणे म्हणजे त्यांच्या श्रद्धेवर घाला घालणे नव्हे काय? मॅक्लेलँड ह्यांनाही ह्या प्रश्नाने घेरले होते. परंतु पुढे जी पाहणी झाली तीत असे काही आढळले नाही की, ज्यांचा उद्योग वाढला त्यांनी आपले परंपरागत आचारविचार टाकून दिले. ते जसे होते तसेच राहिले आणि तरीही अधिक उद्योगी झाले. हिंदू परंपरेमुळेच भारत मागासला असे सांगणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांची त्या काळी वाण नव्हती; त्यांना हे उत्तर काकिनाड्याच्या दुकानदारांनी दिले, तेही वाद न घालता.

शेवटचे काम सर्वांत अवघड. प्रत्येकाने पुढील दोन वर्षांत आपल्या धंद्यात काय करावयाचे ते कागदावर लिहावयाचे. ‘धंदा वाढवीन’ असे मोघम विधान चालत नसे. काय, किती आणि केव्हा हे लिहावे लागे, आणि दर सहा महिन्यांनी त्याचा आढावा घेतला जाई. बरोबरीच्या मंडळींपुढे हा संकल्प मांडलेला असल्यामुळे गावी गेल्यावर त्याचा विसर पडणे कठीण होते. एकाच गावची माणसे मुद्दाम एकत्र बोलावण्यातले मर्म येथे दिसते. शिकून एकटा परतलेला माणूस जुन्या वातावरणात विरघळून जातो. पाचदहा जण मिळून परतले तर वातावरणालाच थोडे बदलावे लागते.

ह्या प्रयोगाचा वृत्तान्त मॅक्लेलँड व डेव्हिड विंटर ह्यांनी 1969 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. प्रशिक्षणानंतरच्या दोन वर्षांत प्रशिक्षितांपैकी सुमारे निम्मे लोक आपल्या धंद्यात विशेष उद्योगी ठरले. प्रशिक्षण न घेतलेल्या, तशाच परिस्थितीतील लोकांत हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. प्रशिक्षितांनी अधिक तास काम केले, अधिक भांडवल गुंतविले, नवे उद्योग काढले आणि अधिक माणसांना काम दिले. दहा दिवसांच्या शिक्षणाचे हे फळ लहान नव्हे. अर्थात, परदेशी विद्वानांनी आपली निवड केली ह्या अभिमानानेच माणसे कामाला लागली नसतील कशावरून, असा आक्षेप घेता येतो. तो पूर्णपणे खोडून काढणे अवघड आहे. दुसरा आक्षेप त्याहून वजनदार आहे. त्या वर्षांत लोखंड व सिमेंट नियंत्रणाखाली होते, परदेशी यंत्राला परवाना लागत असे, आणि लहान कारखानदाराला बँकेची पायरी चढणे सोपे नव्हते. मनातली ओढ कितीही वाढली तरी तिच्याने कोटा मिळत नाही.

परंतु ग्रंथातील सर्वांत बोलका निष्कर्ष वेगळाच आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही. प्रशिक्षणाचा परिणाम दिसला तो मुख्यतः धंद्याची सूत्रे ज्यांच्या स्वतःच्या हाती होती त्यांच्यावर. जे दुसऱ्याच्या हाताखाली होते, ज्यांना निर्णयाचा अधिकार नव्हता, त्यांनी तेच दहा दिवस घालविले, तशाच कथा लिहिल्या, त्याच कड्या फेकल्या. तरीही त्यांच्या व्यवहारात प्रशिक्षणामुळे म्हणण्यासारखा फरक पडलेला आढळला नाही.

2002 साली डेव्हिड मेरिल ह्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने अध्यापनाच्या नाना सिद्धान्तांतून त्यांचा समान गाभा निवडून काढला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, शिकणारा खऱ्याखुऱ्या प्रश्नाला भिडला तरच शिक्षण रुजते. त्याचे आधीचे अनुभव जागे करावे लागतात, नुसते सांगून न भागता दाखवावे लागते, त्याच्याकडून करवून घ्यावे लागते, आणि शेवटी ते ज्ञान त्याच्या रोजच्या व्यवहारात मुरावे लागते. हे पाचही विशेष 1964 च्या हैदराबादेत शोधले तर सापडतात. शेवटच्या विशेषाची किंमत मात्र काकिनाड्याच्या आकड्यांनी आधीच सांगून ठेवली होती. ज्ञान मुरावयाचे कोठे? ज्याच्या हाती गल्ला नाही आणि ज्याला माल बदलण्याची मुभा नाही, त्याच्या व्यवहारात मुरण्याला जागाच नसते.

हत्यारे बनविण्याच्या धंद्यात ही गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. हैदराबादच्या बालानगर ह्या औद्योगिक वसाहतीत 1968 साली केंद्रीय हत्यार अभिकल्प संस्था निघाली; तिला संयुक्त राष्ट्रसंघाचे व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचे साहाय्य होते. पत्रा कापण्याच्या साच्याचे उदाहरण घ्यावे. वरचा ठोकणारा भाग आणि खालचा साचा ह्यांत किंचित फट ठेवावी लागते. फट अधिक झाली तर कापलेल्या पत्र्याच्या कडेला खरखरीत कंगोरा येतो. कमी झाली तर साच्याची धार लवकर मरते. पत्र्याची जाडी व जात बदलली की फटही बदलते. हे कोष्टकावरून पाठ करता येते. परंतु स्वतः केलेल्या साच्यातून निघालेल्या पहिल्या तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवून, चूक आकृतीत झाली की घासण्यात झाली की यंत्रावर बसविण्यात झाली, हे ज्याने एकदा शोधून काढले त्याला ते कोष्टक पुन्हा विसरत नाही. मात्र तोच कारागीर पुढे अशा कारखान्यात गेला, की जेथे साचा बिघडल्यास तो उघडण्याची त्याला परवानगीच नाही, तर त्याच्या बोटाला कळलेले तेथे कोणाच्या उपयोगी पडावे?

सीएटचा प्रयोग हैदराबादपुरता राहिला नाही. 1970 च्या सुमारास गुजरातेत नव्या उद्योजकांसाठी प्रशिक्षणाची मोहीम सुरू झाली आणि तीतून 1983 साली अहमदाबादची उद्योजकता विकास संस्था उभी राहिली. 1988 साली महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरास, स्थापन झाले. 1956 पर्यंत हे शहर हैदराबाद राज्यातच होते. तेव्हा ही विद्या जुन्या राजधानीकडून आपल्या जुन्या सुभ्याकडे आली असे म्हणावयास हरकत नाही. ह्या प्रशिक्षणांतून कडी फेकण्याचा खेळ अनेक ठिकाणी चालत राहिला आणि त्याला दुसऱ्या एका खेळाची जोड मिळाली. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाने, शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या सांगण्यावरून, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचावयाचा. ठोकळे किती रचले जातील ह्याचा अंदाज तिघांनीही आधीच सांगावयाचा असतो. मनोरा ढासळला तर तो कोणाच्या हाताने ढासळला हे सर्वांना दिसते. कोणाच्या सांगण्याने ढासळला ह्यावर मात्र तिघांचे क्वचितच एकमत होते.

हैदराबादच्या मूळ संस्थेला 1984 साली राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला आणि 2007 साली तिचे नाव पुन्हा बदलले. यूसुफगुडा भागातील तिच्या आवारात देशोदेशींचे अधिकारी व उद्योजक शिकण्यासाठी येत राहिले. काकिनाड्याची ती मंडळी आपापले संकल्पाचे कागद घेऊन घरी परतली, तेव्हा त्यांच्यापैकी काहींच्या दुकानावर त्यांचे स्वतःचे नाव होते. काहींच्या दुकानाच्या किल्ल्या मात्र घरातील वडीलधाऱ्यांच्या कमरेला होत्या.